मागील विवाह असल्यास

आमच्या दिराचं कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. वकिलांचे कागद दिवसभर मशीनमधून काढून काढून आपल्यालाच कायदा येतो असं त्याला वाटायला लागलंय, आणि घरातल्या कुणी त्याचा हा गैरसमज आजवर दूर केलेला नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला म्हणतात. इथे गुणही नाही, नुसता वकिली आवाज लागलाय. मला परदेशातल्या नवऱ्याकडे पाठवायचा व्हिसाचा फॉर्म भरायला हे विद्वान रविवारी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. शेजारी सासूबाई. नवरा फोनच्या पडद्यावर, पाण्याच्या जगला टेकवून उभा केलेला.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्यातले तीन आठवडे आम्ही एकत्र काढले, बाकी सगळा संसार फोनवर. मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू, फार जायचं होतं.

"मागील विवाह असल्यास," दिराने वाचलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "नाही."

"आहे की," मी म्हटलं.

"वहिनी, ते सांगायचं नसतं. विधवा म्हटलं की त्यांना संशय येतो. नुसतं तिकडे यायला लग्न केलं म्हणतात."

माझा पहिला नवरा बस चालवायचा. सहा वर्षं आम्ही भांडलो, रुसलो, हसलो. मग एके दिवशी त्याच्या छातीत कळ आली. बस कडेला नीट उभी करून, हँडब्रेक ओढून तो गेला. आत बसलेल्या एकालाही खरचटलं नाही. हा एवढा माणूस या उंटावरच्या शहाण्याला एका 'नाही'मध्ये बसवायचा होता.

"मृत्यूचा दाखला आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "जोडून टाकू."

"दाखल्याचं काय घेऊन बसलीस?" सासूबाई कडाडल्या. "मी सगळ्या नात्यात सांगितलंय, मुलीचं पहिलंच लग्न म्हणून."

"तो ऑफिसर आपल्या नात्यात नाही, आई."

"तोंड बघा हिचं! पदरात घेतलं तुला, ते विसरू नकोस."

हे पदरात घेणं मी दीड वर्ष ऐकत आले होते. यांच्या मुलाला म्हणे एकाहून एक कोऱ्या मुली सांगून येत होत्या. माणसाला कोरं म्हणणारी ही बाई. आणि मला तो खरंच उपकार वाटायचा, याची आता चीड येते.

"अगं, आई म्हणते तसं कर ना," नवरा पडद्यावरून म्हणाला. "माझं बघ, मला आहे का काही लपवायची गरज?"

"मग भाऊजी, आधी यांचंच भरा," मी म्हटलं.

दिराला हे फार आवडलं. धुतल्या तांदळासारखा भाऊ, त्याचं मोठ्याने वाचण्यात वेगळीच मजा. "मागील विवाह? नाही. पुढे. लग्न न करता कुणासोबत नवरा-बायकोसारखं एक वर्ष किंवा जास्त राहिला आहात का? नाही. पुढे..."

"थांब," नवरा म्हणाला.

दिराचं बोट हवेत राहिलं.

"तिथे नाही टाकू नकोस. हे लोक तपासतात. घराचा करार दोघांच्या नावावर होता."

"कुणा दोघांच्या?" सासूबाईंनी विचारलं.

"होती एक ऑफिसातली. भाडं वाचावं म्हणून गं, आई. लग्नबिग्न काही नव्हतं."

चहाचा एक घोट गिळायला लागतो तेवढाच वेळ सासूबाईंना लागला. "पुरुषमाणूस एकटा, परका देश. जेवणाचे हाल होतात रे." आपला तो बाब्या. माझी रीतसर लग्नाची सहा वर्षं म्हणजे कलंक, आणि याची ती काटकसर.

तरी सांगते, एवढं मी गिळलं असतं. उलट क्षणभर बरंच वाटलं. चला, फिटंफाट झाली, आता कुणी कुणाला पदरात घेतलेलं नाही. मनातल्या मनात मी बॅगसुद्धा भरत होते.

पण आमच्या विद्वानांना रकाना मोकळा दिसला की चैन पडत नाही. "दादा, कधीपासून?"

नवऱ्याने सांगितलं.

"कधीपर्यंत?"

"झाले आता बरेच दिवस," नवरा म्हणाला.

"अरे, महिना आणि वर्ष तरी लागतं."

त्याने सांगितलं. दिराने टाइपही केलं, आणि मग त्याला कळलं आपण काय टाइप केलं ते. आमच्या लग्नानंतरचा पाचवा महिना होता तो. त्या दिवसांत मी रोज विचारायची, जेवलात का. तो म्हणायचा, हो, आत्ताच खिचडी टाकली होती एकट्यापुरती.

"लगेच खोली मिळत नाही गं इकडे," नवरा म्हणाला. "आणि तिलाही एकदम कसं सांगणार?"

"मग काय सांगितलंत तिला?"

"तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोललो नाही, आईशपथ. उलट म्हटलं, बिचारी विधवा आहे, आईने शब्द दिलाय, तिचं भलं होईल."

म्हणजे नात्यात मी कोरी, आणि तिच्यापुढे बिचारी विधवा. जिथे जशी उपयोगी पडेन तशी. माझ्या बसवाल्याचं मरणसुद्धा या माणसाने दुसऱ्या बाईची समजूत काढायला वापरलं होतं. मला राग आला नाही, किळस आली.

"झालं गेलं उकरू नये," सासूबाई म्हणाल्या. "तिकडे गेलीस की सगळं सुरळीत होईल."

दिराने घसा खाकरला. कागद पुढे सरकला म्हणजे प्रश्न सुटला, एवढाच त्याचा कायदा. "वहिनी, तुमची सध्याची वैवाहिक स्थिती तेवढी राहिलीय. विवाहित टाकतो."

"टाका," मी म्हटलं. "पण पाठवू नका. ते फार दिवस खरं राहणार नाही."