द्या तो चेंडू इकडे

समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवरचा फोटो पाहिला आणि सिस्टरचं डोकं फिरलं.

फोटो जुनाच होता. त्या गाजलेल्या कसोटीतली शेवटची विकेट. हात उंचावलेला, मुठीत चेंडू, तोंडभर हसू, असा तो जादूगार. वर्तमानपत्रांनी त्याच्या फिरकीवरून त्याला हे नाव दिलं होतं आणि आता स्टेडियमच्या नव्या स्टँडलाही त्याचंच नाव लागणार होतं. त्याच्या मागे कोपऱ्यात एक वाकलेली पाठ दिसत होती आणि पँटच्या बुडाला गवताचा हिरवा डाग. तो डाग सिस्टरनं स्वतः घासून घासून काढला होता. ती पाठ तिच्या नवऱ्याची होती. कॅच घेणाऱ्याची पाठ दिसते आणि चेंडू भलत्याच्याच हातात दिसतो, याला काय म्हणायचं? सिस्टर याला आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणायची.

नवरा शॉर्ट लेगला उभा राहायचा. उभा कसला, फलंदाजाच्या पायाशी उकिडवा बसायचा. स्पिनरचा चेंडू बॅटला, पॅडला लागून जो टीचभर उडेल, तो जमिनीवर पडायच्या आत उचलायचा, हे त्याचं काम. आणि फलंदाजानं सणसणीत फटका मारला तर तो अंगावर घ्यायचा, हेही त्याचंच काम. त्या काळात हेल्मेट कसलं आलंय! ही जागा कुणालाच नको असते. म्हणून ती संघात जो तोंड उघडत नाही त्याच्या गळ्यात पडते. मुकी बिचारी कुणीही हाका. वर संघानं कौतुकानं त्याचं नाव ठेवलं ‘बेडूक’.

सिस्टर तेव्हा सरकारी इस्पितळात नर्स होती. दिवसभर वॉर्डातल्यांना शेकायचं, संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला. बरगडीवरचा कुठला वळ कुठल्या सामन्यातला, हे तिला पाठ होतं. एका फटक्यानं त्याचा डावा कान कायमचा गेला. चार रात्री ती उशाशी बसून होती, आणि पुढच्या सामन्याला हा गडी पुन्हा त्याच जागी जाऊन बसला. त्या सामन्यात जादूगारानं फलंदाज कापून काढले. निम्मे कॅच शॉर्ट लेगला होते. दुसऱ्या दिवशीच्या पानभर कौतुकात शॉर्ट लेग औषधालाही नव्हता.

यात नवऱ्याचाही दोष होता, आणि तो सिस्टर त्याला सुनवल्याशिवाय राहायची नाही. कॅच घेतला रे घेतला की हा लगेच उठायचा आणि चेंडू जादूगाराच्या हातात नेऊन द्यायचा. पंचाचं बोट वर जायच्या आत. फोटोवाले पोहोचेपर्यंत चेंडू त्या मुठीत असायचा आणि हा आपल्या जागेकडे निघालेला असायचा.

“कॅच तुम्ही घेता, मग चेंडू त्याला का देता?” तिनं विचारलं होतं.

“अगं, विकेट बोलरची असते.”

“आणि कान कुणाचा असतो?”

यावर तो हसायचा. त्याच्या त्या हसण्याचाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

आता उजवा कानही चालला होता. मशीन लावलं तरी फार दिवस साथ देणार नाही, असं कानाच्या डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून सिस्टरच्या मनानं एकच गोष्ट धरली होती. याला ऐकू येतंय तोवर जादूगारानं चारचौघांत, माईकवरून, एकदा म्हणावं की तो कॅच यानं घेतला. स्टँड नको, हार नको, शाल नको. एक वाक्य हवं होतं.

तिनं क्रिकेट संघटनेच्या सचिवाला फोन लावला आणि हेच सांगितलं.

“बोलणार तर! ते बोलतीलच हो सिस्टर,” सचिव म्हणाला. “शिवाय त्या शेवटच्या विकेटचं प्रात्यक्षिक ठेवलंय. तुमच्या साहेबांनाही मैदानात उतरवतोय. बसता येईल ना त्यांना वाकून?”

“त्यांनी जन्मभर तेच केलंय,” असं म्हणून सिस्टरनं फोन ठेवला.

समारंभाच्या दिवशी नवऱ्यानं पांढरी पँट घातली. सिस्टरनं त्याच्या कानातल्या मशीनचा सेल नवा घातला आणि दोनदा विचारून खात्री केली. मैदानात दोरीला लागून खुर्च्या होत्या. ती त्याच्या उजव्या बाजूला बसली. स्टँड माणसांनी भरला होता.

जादूगार बोलायला उभा राहिला. कॉलरला छोटा माईक, केस काळेभोर रंगवलेले. गडी बोलण्यात पहिल्यापासूनच पटाईत. त्यानं आईचे आभार मानले, गुरूंचे मानले, खेळपट्टी करणाऱ्या माळ्याचे मानले, बूट शिवणाऱ्या चांभाराचेही मानले. सिस्टर खुर्चीच्या कडेला आली. आता येईल, आता येईल.

“आणि हो, शॉर्ट लेगला आमचा बेडूक असायचा!” जादूगार म्हणाला. “त्याला काही करावंच लागायचं नाही. मी चेंडूच असा टाकायचो की तो आपोआप त्याच्या तोंडात जाऊन पडायचा!”

अख्खा स्टँड हसला. सचिव तर मांडीवर थाप मारून हसला. सिस्टरनं नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर गवताकडे बघत होता. तिनं मनाशी म्हटलं, नेमकं आजच याचं मशीन बंद पडलेलं असू दे. पण सेल तर तिनंच नवा घातला होता.

“चला, आपण घरी जाऊ,” ती त्याच्या कानाशी म्हणाली.

“अगं, प्रात्यक्षिक आहे,” तो म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला.

मैदानात हल्लीच्या संघातला एक फलंदाज पॅड बांधून तयार होता. जादूगारानं बाह्या सरसावल्या. नवरा जाऊन आपल्या जागी बसला. उकिडवा, हात पुढे, नजर फलंदाजाच्या पायांवर. गुडघे दुखत असणार, हे सिस्टरला इथून कळत होतं.

जादूगारानं सावकाश दोन पावलं टाकून चेंडू सोडला. फलंदाजानं हळूच बॅट लावायची, असं ठरलं होतं. पण चेंडू आत वळला, बॅटच्या कडेला लागला, पॅडवर आपटला आणि भलतीकडेच उडाला. नवरा डाव्या बाजूला अंग झोकून आडवा झाला. गवतापासून बोटभर वर त्याचा हात चेंडूखाली गेला आणि मिटला.

स्टँड उभा राहिला. सिस्टरही उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिनं त्याला कॅच घेताना कधीच पाहिलं नव्हतं. तिनं फक्त वळ पाहिले होते.

आणि नवरा धडपडत उठला, चालत गेला, आणि चेंडू जादूगाराच्या हातात दिला.

सवय मेली, दुसरं काय! जादूगारानं मूठ उंचावली. फोटोवाले धावले. तोच हात, तेच हसू, आणि मागे तीच वाकलेली पाठ, पँटला हिरवा डाग.

मग मात्र सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पर्स खुर्चीवर टाकली आणि दोरी ओलांडली.

“आजी, आत जाता येणार नाही,” पहारेकरी आडवा आला.

“बाजूला हो,” ती म्हणाली. या आवाजानं एके काळी सर्जन बाजूला व्हायचे. पहारेकरी झाला.

फोटोवाल्यांना कोपरानं सारत ती थेट जादूगारासमोर जाऊन उभी राहिली. मोठ्या माणसांची तिला कधीच भीती वाटली नव्हती. तिनं अशी पुष्कळ बेडपॅनवर बसवली होती.

“द्या तो चेंडू इकडे.”

“अरे, वहिनी!” जादूगार हसला. “थांबा, सही करून देतो. पेन द्या रे कुणीतरी.”

कॉलरचा माईक चालू होता. त्याचे शब्द स्टँडभर ऐकू गेले.

“सही कशाला? तुम्ही पकडलाय का तो?” सिस्टर म्हणाली, आणि तेही स्टँडभर ऐकू गेलं. “कुणी पकडला, ते सांगा.”

“त्यानंच की, वहिनी. सगळ्यांनी पाहिलं.”

“आजचा पाहिला. तेव्हाचा कुणी पकडला?”

जादूगाराचं हसू ओठांवर तसंच राहिलं. मग त्यानं हात वर नेला आणि कॉलरचा माईक तळव्यात झाकला.

“त्यानंच,” तो हळूच म्हणाला. “पण वहिनी, आज माझा दिवस आहे हो.”

“तुमचेच होते सगळे दिवस,” सिस्टर म्हणाली. एका हातात माईक, दुसऱ्या हातात चेंडू, अशा अवस्थेतल्या त्या माणसाची बोटं तिनं एकेक करून उघडली, हट्टी पेशंटच्या मुठीतली गोळी काढावी तशी, आणि चेंडू काढून घेतला. नवऱ्याच्या दंडाला धरलं, आणि खुर्चीवरची पर्स उचलून दोघं दोरीबाहेर आली. मागे सचिव बँडवाल्यांना वाजवायला सांगत होता.

टॅक्सीत बसली तरी राग उतरला नव्हता, पण आता त्यात धाकधूक मिसळली होती. नवरा आता म्हणणार, शोभा केलीस. जन्मात एकदा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्यावरही तू पाणी ओतलंस. एवढं करून ते एक वाक्य तर मिळालंच नव्हतं.

त्यानं नुसता हात पुढे केला. तिनं त्यात चेंडू ठेवला. तो शिवणीवर अंगठा फिरवत राहिला.

“मी दरवेळी नेऊन द्यायचो ना,” तो म्हणाला. ऐकू कमी येत असल्यानं तो मोठ्यानंच बोलायचा, त्यामुळे टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं. “मला वाटायचं, एकदा तरी म्हणेल, हा तू ठेव. दरवेळी वाटायचं. म्हणून तिथं घुटमळायचो थोडा. मग वळायचो.”

त्याचा अंगठा शिवणीवर थांबला.

“एकदाही म्हणाला नाही, हरामखोर.”

उभ्या संसारात या माणसाच्या तोंडून तिनं शिवी ऐकली नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे कान लाल झाले होते, ऐकू येणारा आणि न येणारा, दोन्ही. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं. इतकी वर्षं या घरात ती एकटीच संतापत होती.

घर जवळ आलं तशी तिनं पर्स उघडली.

“आणा इकडे, यात टाकते. हरवेल.”

“नको,” तो म्हणाला आणि त्यानं मूठ मिटली. “मी नाही देत.”