रेघेच्या लांबीइतकी चूक

दुपारी दोनला माझं मोजमाप वर गेलं आणि सव्वादोनला पृथ्वी वाचली. निदान आमच्या वेधशाळेत तरी सगळे तसं म्हणू लागले.

अकरा वर्षांनी एक लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता होती, चाळीसात एक. त्याची कक्षा पक्की करायला एखादं जुनं निरीक्षण हवं होतं. सदतीस वर्षांपूर्वी तो जवळून गेला होता. तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं, पण आकाशाच्या त्या भागाचा फोटो आमच्या दुर्बिणीने घेतलेला होता. त्या काळचा फोटो म्हणजे काच. आमच्या तळघरात अशा अठरा हजार काचा कागदी पाकिटांत उभ्या आहेत. तीन आठवडे शोधल्यावर एका काचेवर दोन मिलिमीटरची फिकट रेघ सापडली. फोटोसाठी दुर्बिणीची झडप चाळीस मिनिटं उघडी होती, तेवढ्यात तो तेवढा सरकला होता. रेघेची जागा आणि दुर्बिणीच्या नोंदवहीतली वेळ गणितात घातली आणि शक्यता शून्यावर आली.

संचालक पाच वाजता जाहीर करणार होते. त्याच वेळी ते धडकयानही थांबवायला सांगणार होते. लघुग्रहावर आदळून त्याला बाजूला ढकलणारं ते यान उड्डाणतळावर तयार उभं होतं. नऊ दिवसांत उडालं तर त्याचा उपयोग. एकदा त्याच्या इंधनाच्या टाक्या रिकाम्या केल्या की पुढची संधी दोन वर्षांनी, आणि तेव्हाचा धक्का अपुरा पडला असता.

बातमी बाहेर सांगायची नव्हती. मी आईला सांगितली.

"म्हणजे काही होणार नाही?"

"नाही. पण कुणाला बोलू नकोस."

"छे, मी कशाला बोलू?" ती थांबली. "समोरच्या वहिनींना सांगितलं तर चालेल? त्यांना झोप नाही गं आठवडाभर."

"आई!"

"बरं बरं. म्हणजे, त्या इथेच बसल्यात."

अहवालात काचेचं चित्र जोडायचं होतं, म्हणून तीन वाजता मी काच परत प्रकाशपेटीवर ठेवली. काचा सांभाळणारे काचमामा शेजारी चहा घेत होते. या काचेवरचा फोटो त्यांनीच तरुणपणी घेतलेला. सव्वादोनपासून जो तो येऊन त्यांचा हात हातात घेत होता आणि ते प्रत्येकाला म्हणत होते, "मी काय केलं? थंडीत उभा राहिलो."

कोपऱ्यात मला आणखी एक बारीक रेघ दिसली, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. हा ओळखीचा लघुग्रह होता. दोनशे वर्षं लोक त्याच्या मागावर आहेत, कुठल्या मिनिटाला तो कुठे होता हे डोळे मिटून सांगता येतं. निव्वळ हौस म्हणून मी त्याची जागा ताडून पाहिली. जुळली नाही.

पुन्हा मोजली. काच उलटी ठेवली का, पाहिलं. तिसऱ्यांदा मोजली. रेघ असायला हवी तिथून मागे होती, आणि किती मागे? बरोबर स्वतःच्या लांबीइतकी. जिथे ती सुरू व्हायला हवी, तिथे ती संपत होती.

 चूक मोजण्याची असती तर कशीही वेडीवाकडी आली असती. ही नेमकी एका फोटोच्या वेळेइतकी, चाळीस मिनिटांची होती.

मी ज्या ज्या दुर्बिणीवर शिकले, तिथे फोटोची वेळ म्हणजे झडप उघडल्याची वेळ. कॅमेरा ती आपोआप लिहितो. वहीत नुसतंच 'वेळ' होतं आणि मी दुसरा विचारच केला नव्हता.

"मामा, वहीत वेळ कधी लिहायचात?"

"फोटो घेताना."

"झडप उघडताना, की मिटल्यावर?"

"तुम्ही खुर्चीत बसून बटणं दाबणारी मंडळी," ते हसले. "अगं, एक हात दुर्बिणीच्या चाकावर, एक झडपेच्या दोरीवर. तिसरा हात आणू कुठून? मिटली की हातमोजा काढायचा, घड्याळ बघायचं, लिहायचं."

"सगळे असंच?"

"सगळे. का?"

मी त्यांना कोपऱ्यातली रेघ दाखवली. ते भिंगातून बघत राहिले. डोकं वर केलं तेव्हा चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"म्हणजे तुझं ते शून्य..."

"बघते."

वेळ चाळीस मिनिटं मागे घेऊन मी गणित पुन्हा लावलं. पडद्यावरचा आकडा स्थिरावायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत मी काय काय मागितलं ते लिहिण्यासारखं नाही. चाळीसात एक येऊ दे, निदान तेवढं तरी. समोरच्या वहिनी आज झोपणार होत्या.

सातात एक.

घड्याळात चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. क्षणभर मनात आलं, ही कोपऱ्यातली रेघ मी पाहिली नसती तर? मग वाटलं, तरी तो ठरल्या दिवशी आलाच असता. मी फोन उचलला.

"सर, दोन वाजताचं मोजमाप मागे घेते आहे. वेळ चुकीची धरली. माझी चूक."

"आता किती?"

मी सांगितलं. 

"निवेदन छापून झालंय," ते म्हणाले. "उड्डाणतळावर माणसं टाकीपाशी उभी आहेत. उद्या पुन्हा म्हणशील, चुकलं?"

"वेळ मी वहीवरून नाही, काचेवरून काढली आहे. दुसऱ्या लघुग्रहावरून. तुम्ही कुणाकडूनही मोजून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे."

"अर्धा तासच आहे माझ्याकडे."

काचमामांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"साहेब, पोरीचं बरोबर आहे. आम्ही मिटल्यावर लिहायचो. कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही कधी सांगावंसं वाटलं नाही." त्यांनी वही जवळ ओढली. "हे मी लिहून सही करून देतो. पण ते यान थांबवू नका."

संचालकांनी आणखी दोघांना खाली पाठवलं. दोघांनी वेगवेगळं मोजलं, एकमेकांशी न बोलता. त्यांचे आकडे माझ्याशी जुळले तेव्हा पाचला सहा मिनिटं कमी होती. मी आयुष्यात प्रथमच माझं उत्तर बरोबर येऊ नये म्हणून देव पाण्यात घातले होते.

पाच वाजता निवेदन झालं नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला: टाक्या भरलेल्या राहतील, यान नऊ दिवसांनी उडेल, आणि धडक नेमकी कुठे द्यायची ते ठरवायला कक्षा आणखी पक्की हवी.

"सातात एक," काचमामा म्हणाले. "म्हणजे सहा वेळा चुकणारच ना तो?"

"एकदाच येणार आहे, मामा."

 ते उठून काचांच्या रांगेपाशी गेले आणि त्याच आठवड्यातली, त्याच आकाशाची पुढची काच पाकिटातून काढू लागले. मी खालून दुसरी कड धरली, आणि आम्ही दोघांनी मिळून ती काच पेटीवर ठेवली.