प्रयाग फ्रेंच बोलली तेव्हा

प्रयाग चार-पाच वर्षांची झाली तेव्हापासून तिच्या वाट्याचं बोलायचं काम तिच्या आईनं, आशाबाईंनी, अंगावर घेतलं होतं. पोरगी तोतरी होती. बोलता बोलता तोंड नुसतं उघडं राहायचं, मान एका बाजूला झुकायची आणि शब्द गळ्यात अडकून बसायचा. आशाबाईंना ते बघवायचं नाही. त्या चटकन तो शब्द बोलून मोकळ्या व्हायच्या. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर, सगळीकडं. स्वतःच्या नावातला ‘प्र’ तर पोरीला सगळ्यांत जड जायचा. पण नाव आजीचं होतं, ते बदलायचा प्रश्न नव्हता.

घर कन्नड गावाला. वडील, काकासाहेब, साखर कारखान्यात टाइमकीपर होते. दहावीला प्रयागला चांगले मार्क पडले तेव्हा त्यांनी तिला औरंगाबादला पुंडलिकनगरात तिच्या मावशीकडं, द्वारकाबाईंकडं, ठेवलं. अकरावीच्या फॉर्मवर मराठीऐवजी तिनं फ्रेंच लिहिलं. मार्क मिळतात म्हणून, असं तिनं घरी सांगितलं. खरं कारण तिनं फक्त मावशीला सांगितलं होतं. मराठीच्या तासाला उभं राहून धडा वाचायला लागायचा. फ्रेंचच्या वर्गात तिनं दारातून डोकावून पाहिलं, तर नऊच पोरं होती आणि नऊच्या नऊ प्रत्येक शब्दाला अडखळत होती. कुणी कुणाला हसत नव्हतं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे २००७ साली, तिच्या शिक्षिका जहांआरा मॅडम यांनी तिला बोलावून घेतलं. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या एका कॉलेजशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण ठरली होती. इथली सहा मुलं दहा महिने तिकडं शिकणार, पुढच्या वर्षी तिकडची सहा इथं येणार. मॅडमनी निवडलेल्या नावांत प्रयागचं नाव होतं. खर्च तिकडचंच कॉलेज करणार होतं, त्यामुळे नाही म्हणायला ते कारण उरलं नव्हतं. येत्या शनिवारी तिथले दोन प्राध्यापक यायचे होते. प्रत्येक मुलानं त्यांच्यासमोर दहा मिनिटं बोलायचं, आणि आई-वडलांपैकी एकानं येऊन संमतीची सही करायची.

त्या आधीच्या रविवारी कन्नडच्या घरी बसून सगळ्यांनी विचार केला. काकासाहेबांनी प्रयागचा शाळेतला नकाशासंग्रह काढला. ते गाव जमिनीच्या पार टोकाला, निळ्या रंगाला टेकून होतं. त्यांनी कन्नडपासून तिथपर्यंत वीत टाकून पाहिली, वीत पुरेना. मग ते बराच वेळ त्या निळ्या रंगाकडंच बघत बसले. द्वारकाबाईंना पुढच्या वर्षी येणाऱ्या परक्या पोरीची काळजी होती, तिला आपलं न्हाणीघर चालेल का म्हणून. प्रयाग सुपात डाळ निवडत होती.

आशाबाई म्हणाल्या, “नको. भूक लागली तर मागंल कशी? ताप आला, गाडी चुकली, कुणी अडवलं, तर हिच्याऐवजी तिथं कोण बोलंल?”

प्रयागनं डाळीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला. तिला काय वाटतं ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

काकासाहेबांना शनिवारी रजा मिळेना, म्हणून आशाबाई एकट्याच एस.टी.नं निघाल्या. आपण मॅडमना समोरासमोर भेटून नम्रपणे नाही सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वाटेत बसमध्ये त्यांनी वाक्यंही जुळवून ठेवली. विद्यापीठात विचारत विचारत त्या फ्रेंचच्या विभागात पोचल्या. जहांआरा मॅडम शहरातल्या छावणी भागात राहणाऱ्या, पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. त्यांनी आशाबाईंना पाणी दिलं, सगळं म्हणणं मधे न बोलता ऐकून घेतलं.

“ताई, तुम्ही नाही म्हणालात तर मी तसं लिहून टाकीन,” त्या म्हणाल्या. “पण आलाच आहात तर आधी तिला ऐका.”

तेव्हा आशाबाईंना पहिल्यांदा जाणवलं, की तीन-चार वर्षं पोरगी ही भाषा शिकतेय आणि आपण ती तिच्या तोंडून कधी ऐकलेलीच नाही. घरी ती पुस्तक घेऊन बसायची, ओठ हलायचे, आवाज नसायचा.

पालकांना मागच्या बाकांवर बसवलं होतं. पुढं टेबलामागं एक पांढऱ्या केसांची उंच फ्रेंच बाई आणि तिच्याशेजारी एक तरुण मास्तर. दोन मुलांचं झालं, मग प्रयाग आत आली. बाईनं हसून काहीतरी विचारलं. आशाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

आणि प्रयाग बोलायला लागली.

आधी आशाबाईंना वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय. आवाज पोरीचाच होता, पण दारं धरून पाटाला पाणी सोडावं तसा तो सरळ पुढं चालला होता. तिचं वाक्य कुठं तुटणार हे त्यांना कायम आधी कळायचं. आताही त्या त्याच तयारीनं, ओठ अर्धे उघडून बसल्या होत्या. वाक्य तुटत नव्हतं. एकही शब्द कळत नव्हता. मधेच ‘कन्नड’ ऐकू आलं, मग ‘गौताळा’, म्हणजे आपल्या जंगलाचं काहीतरी सांगतेय एवढं समजलं. प्रयागचे हात हवेत डोंगर काढत होते, उतार दाखवत होते. मग ती काय म्हणाली कोण जाणे, ती पांढऱ्या केसांची बाई मान मागं टाकून हसली. शेजारचा मास्तरही हसला. प्रयागच्या बोलण्याला आजवर लोक हसले होते, पण तिनं कुणाला हसवल्याचं आशाबाईंनी पाहिलं नव्हतं.

लग्नानंतर पहिल्यांदा आशाबाई वेरूळला गेल्या होत्या. समोरचं सगळं देऊळ एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलंय, असं कुणी सांगितलं तेव्हा त्यांचे पाय जागच्या जागी थांबले होते. आज बाकावर बसल्या बसल्या तसंच झालं. एवढं सगळं हिच्यात होतं, आणि आपल्याला नुसता खडक दिसत होता.

मग प्रयाग थांबली.

तोंड उघडं, मान एका बाजूला. आशाबाई बाकावरून अर्ध्या उठल्या, शब्द द्यायला त्यांचं तोंड उघडलं, आणि तोंडात काहीच नव्हतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याजवळ द्यायला शब्द नव्हता. त्या तशाच उभ्या राहिल्या. समोरच्या बाईनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि ती वाट बघायला लागली. तिनं नजर दुसरीकडं वळवली नाही, चेहऱ्यावर कीव आणली नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. फार वेळ गेला, निदान आशाबाईंना तसं वाटलं. प्रयागनं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि शब्द आला. अख्खा आला. ती पुढं बोलायला लागली, जसं काही झालंच नव्हतं.

आशाबाई हळूच खाली बसल्या.

नंतर बाहेर ओट्यावर जहांआरा मॅडम कागद आणि पेन घेऊन आल्या. आशाबाईंनी कागद घेतला, पण सही केली नाही. बसमध्ये जुळवलेली वाक्यं त्यांना आता आठवतही नव्हती.

“प्रयाग,” त्या म्हणाल्या, “तुला जायचंय का?”

“म... मला प...”

मराठीत ती परत अडकली. ‘परत घरी जाऊ’ असं म्हणायचं असेल, आशाबाईंच्या मनात आलं. नाहीतर ‘पाठव’. दोन्ही शब्द त्यांच्या जिभेवर आले. त्यांनी खालचा ओठ दातांत धरला. समोरून दोन मुली गेल्या, एक शिपाई गेला.

“मला पाह्यचंय तिथलं,” प्रयाग म्हणाली. “भीती वाटती. पण पाह्यचंय.”

दोन्हींतला एकही शब्द तिला म्हणायचा नव्हता.

थोड्या वेळानं, ओट्यावर आईच्या शेजारी बसून, प्रयागनं आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगायला तिला बराच वेळ लागला आणि आशाबाईंनी तो लागू दिला. तिसरीत असताना दोघी दुकानात गेल्या होत्या. प्रयाग ‘प’वर अडकली आणि आईनं दुकानदाराकडं पेन्सिल मागितली. तिला पतंग पाहिजे होता.

“मग सांगितलं का नाय?” आशाबाईंनी विचारलं.

“तू बोलून मोकळी झाली होतीस.”

प्रयागच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. अशा किती पेन्सिली आपण घेऊन दिल्या असतील, याचा अंदाजच आशाबाईंना करवेना. त्यांनी कागद मांडीवर ठेवून सही केली.

संध्याकाळी कन्नडला काकासाहेब दारातच उभे होते. आशाबाईंनी चपला काढायच्या आधी सही केल्याचं सांगितलं. ते चकित झाले. ती काय काय बोलली, असं त्यांनी विचारलं.

“मला काय ठाव,” आशाबाई म्हणाल्या. “पण लई बोलली.”

त्यापुढचे महिने पासपोर्ट, व्हिसा आणि गरम कपड्यांच्या खटपटीत गेले. घरात एक नवी सवय लागली, ती अवघड होती. प्रयाग बोलताना थांबली की सगळ्यांनी थांबायचं. द्वारकाबाईंना ते जमायचं नाही, त्या मधेच बोलून जायच्या आणि मग तोंडावर हात ठेवायच्या. आशाबाईंनाही दर वेळी जमायचं असं नाही.

ऑगस्टच्या शेवटी सहाही मुलं जहांआरा मॅडमबरोबर मुंबईला निघाली. औरंगाबाद स्टेशनवर घरचे सगळे आले होते. मॅडम प्रत्येकाची कागदपत्रं पुन्हा तपासत होत्या. गाडी यायला पाच मिनिटं असताना काकासाहेब लेकीजवळ गेले आणि थोडं लाजूनच म्हणाले, की आईनं ऐकलं, मी काही ऐकलं नाही, तर एक वाक्य माझ्यासमोर बोलून दाखव.

प्रयागनं त्यांच्याकडं पाहिलं आणि एक वाक्य म्हटलं. लांबलचक, गोल गोल, मधे कुठं न अडकता. शेजारच्या बाकड्यावरच्या दोन माणसांनी वळून बघितलं. काकासाहेबांचे डोळे मोठे झाले.

“म्हणजे काय?” त्यांनी विचारलं.

“बा... बाबा, तुमच्या सदऱ्याच्या गुंड्या वर-खाली लागल्यात.”

काकासाहेबांनी खाली पाहिलं. खरंच लागल्या होत्या. ते एक एक गुंडी सोडून परत लावायला लागले आणि म्हणाले, पुन्हा एकदा म्हण, जरा सावकाश. गाडी फलाटाला लागत होती, हमाल पळत होते, तरी प्रयागनं पुन्हा म्हटलं.