रंगावरचा आळ

रंगाऱ्यानं उकळत्या पातेल्यातून निळी चादर काठीवर उचलली, तेवढ्यात दारात थोरली दिसली. काठी तशीच अधांतरी राहिली, पाणी गळत राहिलं. आई गेल्यापासून चार महिन्यांत लेक इकडे फिरकली नव्हती. आताही ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"ये की आत."

"नको. आईची शेकायची पिशवी तेवढी द्या." तिनं गालावर हात दाबून धरला होता.

"दाढ दुखते?"

"दाढ नाही, शीर आहे म्हणे. कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. बोलवत नाही. तुमचे जावई खूश आहेत, घरात शांतता आहे म्हणतात." ती हसायला गेली आणि कळवळली. "कालपासून गोळ्या चालू केल्यात."

तिनं पर्समधून पाकीट काढून दाखवलं. रंगाऱ्यानं त्यावरचं नाव वाचलं. हे नाव त्यानं इस्पितळाच्या कागदावर इतक्यांदा वाचलं होतं की ते झोपेतही ओळखलं असतं.

आईचे फिटचे झटके थांबावेत म्हणूनही हीच गोळी चालू झाली होती. थोरली तेव्हा माहेरी येऊन राहिली. मोबाइलवर गजर लावून गोळी द्यायची, पाच मिनिटं इकडची तिकडे होऊ द्यायची नाही. बाराव्या दिवशी आईच्या छातीवर लाल पुरळ उठलं, ताप भरला, डोळे चुरचुरायला लागले, तोंड आतून सोलून निघालं. "बाबांचा रंग बाधला," थोरली म्हणाली. तिनं घरातलं रंगवलेलं कापड न् कापड बाहेर फेकलं. गोळ्या मात्र, कुणाला न विचारता, वेळच्या वेळी देत राहिली. तीन दिवसांनी इस्पितळात नेलं तेव्हा आईची कातडी सुटायला लागली होती.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रंगाऱ्याला एकट्याला बाजूला घेतलं होतं.

"रंगाचा काही संबंध नाही, काका. गोळीनं झालं. पुरळ दिसल्याबरोबर आणायला हवं होतं. आणि ही गोळी रक्ताच्या नात्यातल्यांनाही बाधू शकते. मुलांना सांगून ठेवा."

त्यानं सांगितलं नाही. एक गोष्ट सांगायची तर दुसरी झाकता येत नव्हती. आळ रंगावर होता, तो त्यानं राहू दिला.

"किती घेतल्यास?" त्यानं आता विचारलं.

"दोन."

"अंगावर काही उठलंय? ताप? डोळ्यांची आग? तोंडात फोड?"

"काही नाही. पोलिसासारखं काय विचारताय?"

"तिसरी घेऊ नकोस. आत्ताच्या आत्ता तुझ्या डॉक्टरांकडे जाऊ." तो हात पुसायला फडकं शोधू लागला, ते त्याच्या खांद्यावरच होतं. "तुझी आई याच गोळीनं गेली, पोरी. रंगानं नाही."

थोरली उंबऱ्यावर बसली. गालावरचा हात कधी खाली आला ते तिला कळलंही नाही.

"पण गोळ्या तर मी..."

"तू मला विचारलं होतंस," तो घाईघाईनं म्हणाला. "पुरळ उठलं त्या दिवशी. देऊ का म्हणून. मीच म्हटलं, दे, खंड पाडू नकोस."

"मी विचारलं होतं?"

"इथंच उभी होतीस. मी कामात होतो. मान वर न करता म्हटलं, दे."

तो वाकून गॅस बंद करत होता. बंद झालेलं बटण पुन्हा पुन्हा पिळत होता. थोरली त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"हो बाबा," ती म्हणाली. "विचारलं असेन."

त्यानं दाराला कुलूप लावलं. दोघं गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा ती थांबली आणि पाकीट त्याच्या हातात देऊन म्हणाली,

"डॉक्टरांना तुम्हीच सांगा सगळं. मला नाही सांगता यायचं."