अंधाऱ्या हॉलमधला एकच स्वच्छ फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. सांखळीच्या बाजारात झेरॉक्सचं एक दुकान आहे. तिथल्या फळीवर शाईच्या रिकाम्या डब्यांमागे मी पडलेला असतो. माझी काच तडकली आहे आणि पाठीवरचा पडदा कायमचा काळा झाला आहे. झेरॉक्स काढायला आलेली मुलं माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, "हो चलता?" म्हणजे, हा चालतो का? त्यांना कुणी उत्तर देत नाही, म्हणून आज मीच बोलायचं ठरवलं. माझी कहाणी गोड नाही. तिच्यात मारामारी आहे, रक्त आहे, आणि त्यात माझा हात नव्हता असं म्हणायची मला सोय नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक छोटा आरसा आहे. प्रत्येक फोटोला तो ताडकन वर उडतो आणि परत खाली आपटतो. तुम्हाला बाहेर नुसतं 'खटक्' ऐकू येतं, आत मला थप्पड बसते. अशा लाखभर थपडा मी खाल्ल्या आहेत, तेव्हा मार म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. सुरुवातीची काही वर्षं मी पणजीत लग्नांचे फोटो काढले. मग तिथे माझ्याहून तरणा कॅमेरा आला आणि मला गोकुळदासनं घेतलं.

गोकुळदास म्हणजे या दुकानाचा मालक. पन्नाशीचा माणूस, पण वेड शाळकरी मुलांच्या खेळांचं. दिचोलीत असो की पेडण्यात, कुठे शाळांचा सामना आहे असं कळलं की दुकान बायकोवर टाकून हा स्कूटरवर बसलाच. केरीला फुटबॉल, पेडण्याला व्हॉलीबॉल, कारापूरला खो-खो. त्याला कुणी बोलावत नसे. फोटो छापून तो मुलांना असेच देऊन टाकायचा, आणि मुलं ते घरी भिंतीवर लावायची. मला त्याचा फार अभिमान वाटे.

पण त्याची एक खोड होती. त्याला शांत फोटो आवडत नसत. त्याला धडक हवी असे. फुटलेला ओठ, खरचटलेला गुडघा, हवेत उलटलेला गोलकीपर असं काही मिळालं की स्वारी खूश. त्याची बायको देवकी फोटो बघून कपाळाला हात लावायची. "कधी तरी हांसपी तोंडां काढात मरे! सगळीं पडतत नाय तर रडतत." तो हसून म्हणायचा, "देवकी, खेळ असोच आसता." लोकही अशाच फोटोंना वाहवा करत. मग मीही धडकच शोधायला शिकलो. वाण नाही पण गुण लागतोच.

आता उजेडाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. उजेड कमी असला की मला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात जो हलतो तो पुसट होतो, आणि जो थांबतो तो स्वच्छ येतो. शाळांच्या हॉलमध्ये उजेडाच्या नावानं शंखच असतो. शंभर फोटोंतले नव्वद वाया जायचे. माझं कार्डही जुनं आणि लहान, लवकर भरायचं. म्हणून गोकुळदास जागच्या जागी पुसट फोटो उडवून टाकायचा. मान वर न करता, अंगठ्यानं, शेंगा सोलाव्यात तसे.

गेल्या ऑगस्टात मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता. पत्र्याचा हॉल, चार ट्यूबलाइट, त्यातली एक मरायला टेकलेली. पावसाची झड मॅटवर येते म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. "जनेलां उघडा रे, मातसो उजवाड येंव दी!" असं गोकुळदास उजेडासाठी ओरडला, पण कुणी ऐकलं नाही. फ्लॅश मारायला बंदी होती, कारण तो खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो.

एका बाजूला पाळी गावच्या शाळेच्या मुली, दुसऱ्या बाजूला कारापूरच्या. पाळीच्या संघात दिपाली होती. तिचे वडील शांताराम खनिजाचा ट्रक चालवतात. हे कुटुंब मूळचं सावंतवाडीकडचं. दिपाली दहावीत होती आणि पुढच्या आठवड्यात राज्याच्या संघाची निवड होती. निवड झाली असती तर क्रीडा वसतिगृहात राहून तिचं पुढचं शिक्षण झालं असतं. नाही तर दहावीनंतर घरीच, हे ठरलेलं होतं. त्या दिवशी शांताराम कामावर खाडा करून पहिल्या रांगेत बसले होते.

शेवटची दोन मिनिटं राहिली. कारापूरची गौरवी चढाईला आली. कुणीतरी तिचा घोटा धरला आणि ती तोंडावर आपटली. पाळीच्या तिघी तिच्यावर कोसळल्या. एकीचं कोपर तिच्या खांद्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, शपथेवर सांगतो. गौरवीचं नाक-तोंड मॅटमध्ये रुतलं होतं आणि तिची बोटं जमीन ओरबाडत होती. गोकुळदासनं माझं बटण दाबून धरलं. नऊ फोटो, नऊ थपडा.

त्या नऊ फोटोंत मी काय पाहिलं ते ऐका. दिपाली त्या ढिगात नव्हती. ती धावत आली, "उठा गो, तिका श्वास गावना नाय!" असं ओरडली, गौरवीच्या हनुवटीखाली हात घालून तिचं तोंड वर काढू लागली. वर तिघींचं ओझं, त्यामुळे मान उचलेना. दिपाली दात आवळून, सगळा जोर लावून क्षणभर जागच्या जागी थिजली. आणि मित्रांनो, जो थांबतो तोच माझ्यात स्वच्छ येतो. ज्यांनी मोडतोड केली त्या तिघी हलत होत्या, त्यांचे नुसते निळे फराटे आले. जी सोडवायला आली तिचा तेवढा चेहरा आला. आवळलेले दात, तट्ट फुगलेल्या शिरा, आणि गौरवीच्या गळ्याशी हात.

गौरवीला उचलून बाहेर नेलं. ती बेशुद्ध होती. गोकुळदासनं बाकावर बसून फोटो पाहिले. आठ पुसट. अंगठा चालला, आठही गेले. त्यातच तो फोटो होता ज्यात गौरवीचं तोंड वर आलेलं होतं आणि ती हवा घेत होती. उरला एक. "अरे वा!" तो म्हणाला. त्यानं माझ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि शाळांच्या खेळांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पाळीची वाघीण!' त्या बिचाऱ्याला ते कौतुक वाटलं होतं.

वीस मिनिटांत हॉलभर मोबाइल चमकू लागले. तेवढ्यात गौरवीचं हाड मोडल्याची बातमी आली. तिचा मामा बाबली चार माणसं घेऊन आत घुसला. "आमच्या चेडवाचो गळो दाबता ती! फोटोत सरळ दिसता!" त्यानं दिपालीचे केस धरून तिला मॅटवरून फरफटत नेलं. शांताराम मध्ये पडले. "अरे, माझ्या चेडवाक विचारा तरी, काय झाला ता!" विचारतो कोण? एकानं प्लॅस्टिकची खुर्ची त्यांच्या डोक्यात घातली. ती फुटली, तर तिच्याच तुटक्या पायानं मारलं. ते खाली पडल्यावर लाथा सुरू झाल्या. "भायले मेले!" अशा बाहेरून आलेले म्हणून शिव्या देत, पोटात, बरगडीत, कानावर. कानातून रक्त आलं तरी कुणी थांबलं नाही. दिपाली वडिलांच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा तिच्याही पाठीत लाथा बसल्या.

आणि गोकुळदास काय करत होता? त्यानं मला डोळ्याला लावलं. खटक्, खटक्, खटक्. लोकांना नंतर तो म्हणाला, पुरावा राहावा म्हणून काढले. मी त्याचं बोट ओळखतो. ते थरथरत नव्हतं. ती सवय होती. मला हे सांगताना लाज वाटते, पण मीही त्या क्षणी धडकच शोधत होतो.

शांताराम वाचले. त्यांच्या उजव्या कानाचं ऐकणं कायमचं गेलं. पोलिसांत तक्रारी झाल्या, दोन्हीकडून. दोन दिवसांनी दिपाली दुकानात आली. ओठ सुजलेला, चाल वाकडी.

"काका, तुमी लय फोटो काढलात मां? बाकीचे दाखवा. मी तिची मान वर काढी होतंय. फोटोत गावतला. चौकशेक खेळाची समिती बोलवता माका."

आपण काय उडवून टाकलं ते गोकुळदासला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. पण उडवलेले फोटो लगेच नाहीसे होत नाहीत. त्यांच्या जागेवर नवं काही लिहिलं जात नाही तोवर ते परत मिळू शकतात. त्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. देवकी मागे उभी राहिली, दिपाली पुढे वाकली. तासभर शोध चालला. ज्या जागेवर ते आठ फोटो होते, तिथून एकेक चित्र पडद्यावर येऊ लागलं. खुर्चीचा पाय. बाबलीची लाथ. शांतारामांचा रक्ताळलेला कान. आठही जागांवर मीच तिच्या बापाचा मार लिहून ठेवला होता.

गोकुळदास समितीपुढे गेला. फोटो खोटा आहे, चूक माझी आहे, असं हात जोडून म्हणाला. अध्यक्ष म्हणाले, "गोकुळदासबाब, फोटो तुम्हीच काढलात, तुम्हीच पाठवलात. आता तुम्हीच त्याला खोटा म्हणता? दुसरा असेल तर दाखवा." दुसरा नव्हता. पंचांना त्या अंधारात काही दिसलं नव्हतं, बापाची साक्ष कुणी धरली नाही, गौरवीला शुद्ध हरपल्यामुळे काही आठवत नव्हतं, आणि ज्या तिघी कोसळल्या होत्या त्या गप्प बसल्या. दिपालीला दोन वर्षं खेळायला बंदी झाली. निवड गेली, वसतिगृह गेलं.

निकालाच्या दिवशी ती परत आली. मी टेबलावर होतो. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि दुकानाच्या पायरीवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. गोकुळदास पुढे झाला, तर देवकीनं दंड धरून त्याला थांबवलं. "रावात. फोडूं दी तिका." माझी काच तडकली, आरसा निखळला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला जेवढे फटके बसले, त्यात न्यायाचे तेवढेच तीन होते.

शाळेच्या निबंधातली वस्तू आपली कहाणी संपवताना म्हणते, मला जपा, मला पुसून ठेवा. मला नका जपू. जपायचेच तर ते फोटो जपा जे नीट आले नाहीत. आणि कुणाचा चेहरा स्वच्छ दिसतोय म्हणून त्याच्यावर हात उगारू नका.

माझं एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी कारापूरला गेलात तर गौरवीला भेटा. तिचा खांदा आता बरा झाला आहे, ती पुन्हा खेळते, आणि दिपालीचं नाव काढलं की थुंकते. तिला सांगा, तिथल्या कॅमेऱ्यानं पाहिलंय. तो हात तुझ्या गळ्यावर नव्हता. तो तुझ्या हनुवटीखाली होता.