ग्वाकच्या बदल्यात

आमचे नामगुंगदादा म्हणतात की बुसानमध्ये खरा बेसबॉल हिवाळ्यातच असतो. उन्हाळ्यात नऊजण मैदानात राबतात आणि आपण बघत बसतो. हिवाळ्यात ते घरी झोपा काढतात आणि राबावं आपल्याला लागतं. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, कोणाला दुसऱ्या संघातून आणायचं, हे सगळं माझ्या खानावळीत खिडकीजवळच्या टेबलावर ठरतं. संघाच्या ऑफिसला ते कोणी कळवत नाही, एवढीच काय ती अडचण.

माझी खानावळ डुकराच्या हाडांच्या रश्शाची. गिऱ्हाइकं मला मावशी म्हणतात. नामगुंगदादा वयाने माझ्याहून मोठे, जन्मभर गोदीत क्रेन चालवलेले, पण तेही मावशीच म्हणतात. त्यांच्यासमोर बसतो तो प्यो. दुपारची गर्दी ओसरली की हा टॅक्सी दाराशी लावून आत येतो आणि भाडं मिळत नाही म्हणून रडतो. तिसरी मी. बाईमाणसाला बेसबॉलमधलं काय कळतं असं कोणी म्हटलं, की त्याच्या वाडग्यात मांस कमी पडतं. त्यामुळे हल्ली कोणी म्हणत नाही.

त्या हिवाळ्यात आम्हा तिघांना एकच वेड लागलं होतं, ग्वाक ते-हून. सारस संघाचा डावखुरा बॅटर. त्याचा करार संपून तो मोकळा झाला होता. आमचा संघ म्हणजे देवमासे. नाव देवमासे आणि जीव सुकटीचा. माझा नवरा बिचारा 'पुढच्या वर्षी बघ' म्हणत म्हणतच गेला. ग्वाक आला तर तरी काही होईल, असं आम्हाला वाटत होतं.

पण असा मोठा मासा नुसत्या पैशांनी मिळत नाही. ज्या संघातून तो येतो त्या संघाला बदल्यात आपला एक खेळाडू द्यावा लागतो. आपण वीसजण झाकून ठेवायचे आणि उरलेल्यांतून त्यांनी हवा तो उचलायचा. ते वीस कोण, यावरून बुसानमध्ये भावाभावांत अबोला झालेला मी पाहिला आहे.

दादांनी मुळ्याच्या किमचीची वाटी ओढली आणि लाल फोडी एकेक करून टेबलावर मांडायला घेतल्या.

"हा कॅचर. हा आपला शॉर्टस्टॉप. हा तो नवा पोरगा, जोरात फेकतो पण कुठे ते त्यालाच माहीत नसतं."

प्योने बोलता बोलता एक फोड उचलून तोंडात टाकली.

"अरे ए खादाडा! शॉर्टस्टॉप गिळलास की!"

"मग काय झालं दादा? तसाही त्याच्या हातात चेंडू थांबत नाही."

"मावशी, सांगा याला. संघ बांधतोय मी इथे."

"टेबल कोण पुसणार ते आधी सांगा," मी म्हटलं. मग फोडी मोजल्या आणि विचारलं, "आणि बान?"

"बानसाठी कशाला फोड वाया घालवायची?" दादा म्हणाले. "छत्तीस वर्षांचा झाला. त्याला कोण नेतंय?"

प्यो म्हणाला, "चोर कधी घरातलं जुनं पातेलं नेतो का?"

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू? मीही मान डोलावली आणि रस्सा ढवळायला आत गेले.

बान ह्योन-सिक हा आमचा डावखुरा पिचर, चेंडू टाकणारा. त्याचं नाव कधी मोठ्या अक्षरांत छापून आलं नाही. त्याचं काम असं, की दुसऱ्या कोणीतरी गोंधळ घालून ठेवायचा, बेसवर धावक उभे करून ठेवायचे, आणि मग याने धावत येऊन समोरच्या एका डावखुऱ्याला आउट करून निमूट परत जायचं. दुसऱ्यांनी सांडलेलं पुसण्यात माझाही जन्म गेला, म्हणून तो मला फार आवडायचा. सुरुवातीपासून तो देवमाशांचाच. सोमवारी सामने नसतात, त्या दिवशी तो माझ्याकडे जेवायला यायचा.

त्याच आठवड्यात तो आला, बरोबर लेक दा-ओन. चार वर्षांची. रश्शात भात कालवून तिला भरवत होता.

"काय रे, पुढच्या वर्षीचं झालं का पक्कं?" मी विचारलं.

"बोलणं चाललंय, मावशी."

"अजून किती खेळायचंय तुला? खांदा दुखतो म्हणतोस ना?"

तो हसला. लेकीच्या हनुवटीवरचं शीत काढून म्हणाला, "हिच्यासाठी खेळायचंय. चार वर्षांच्या पोराला काय आठवतं? अजून एक-दोन वर्षं मिळाली ना, तर मोठी झाल्यावर म्हणेल, माझे बाबा पिचर होते, मी बघितलंय. नाहीतर मग फोटो दाखवत बसायचं. फोटोत सगळेच बाप बरे दिसतात."

मी तिला जास्तीचं मांस वाढलं. बान इथेच राहणार, आणखी दोन वर्षं खेळणार, असं धरूनच आम्ही चाललो होतो. तो कुठे जातोय?

मग प्योच्या डोक्यात ट्रक आला. आमच्याकडे संघावर राग आला की लोक ट्रक भाड्याने घेतात. त्याच्या पाठीवर भलामोठा पडदा असतो, त्यावर अक्षरं सरकत राहतात, आणि तो ट्रक संघाच्या ऑफिसपुढे दिवसभर घिरट्या घालतो. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढली. पडद्यावर काय लिहायचं यावर दोन दुपारी भांडण झालं. दादांना शिव्या हव्या होत्या, मला नको होत्या. शेवटी लिहिलं, 'ग्वाकला आणा, नाहीतर दुकान बंद करा.'

आणि काय सांगू, त्याच आठवड्यात देवमाशांनी ग्वाकला आणलं! दादांनी माझ्या खानावळीत बसल्याजागी नाच केला. प्योने त्या दिवशी दोन म्हाताऱ्यांना फुकट घरी सोडलं. मी रश्शात मांस किती घातलं ते बघितलंसुद्धा नाही.

हा आनंद पुढच्या आठवड्यापर्यंतसुद्धा टिकला नाही. मी हाडं धूत होते तेव्हा प्यो फोन हातात घेऊन आत आला. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं टॅक्सी ठोकली.

"सारसांनी निवडला," तो म्हणाला. "बदल्यात."

"कोण? तो जोरात फेकणारा?"

"त्याला झाकलं होतं. बानला नेला, मावशी. बानला."

खिडकीजवळ बसलेल्या दादांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "ऑफिसवाल्यांनीही त्याला विसांत धरलं नाही म्हणायचं."

"ऑफिसवाल्यांना कशाला बोलता?" मी तडकले. "तुमच्या फोडींत होता का तो? माझ्या तोंडून निघालं का, की त्याला ठेवा म्हणून? हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आपण. वर त्याच्यासाठी ट्रकही पाठवला!"

मुळ्याची वाटी उचलून मी आत नेली. "या टेबलावर आता मुळा मिळणार नाही," मी सांगितलं, आणि वसंत येईपर्यंत खरंच दिला नाही. पण मला जाळत होतं ते वेगळंच. बानची म्हातारी आई इथे, घर इथे, लेकीची शाळा इथे. त्या पोरीला बाप खेळताना बघायचा होता, आणि आम्ही तो बाप उचलून सारसांच्या गावी, देजॉनला पाठवला होता. पुढच्या सोमवारी तो आला तर त्याला तोंड कसं दाखवायचं, या विचाराने मी दोन रात्री नीट झोपले नाही.

सोमवारी तो आलाच. दारातूनच म्हणाला, "मावशी, सारसाला रस्सा मिळेल का?"

मी आतून बाहेर आले आणि मला रडूच फुटलं. "पोरा, चुकलं रे आमचं. तो ट्रक आमचा होता."

"माहीत आहे. मी पाहिला."

"कुठे पाहिलास?"

"ऑफिसच्या खिडकीतून. मी आतच बसलो होतो." तो दादांच्या शेजारी बसला. "मला निवृत्तीचं विचारायला बोलावलं होतं त्यांनी. कार्यक्रम एप्रिलमध्ये ठेवू की मेमध्ये? फुलं, भाषण, फोटो, सगळं ठरवून बसले होते. नवा करार नव्हताच. मी काय बोलणार? साहेब मधूनमधून खिडकीशी जायचे आणि म्हणायचे, आला बघा परत हा ट्रक."

प्योने मान खाली घातली.

"तुम्ही ग्वाकला मागितलं म्हणून त्यांनी ग्वाकला आणलं," बान म्हणाला. "आणि ग्वाक आला म्हणून सारसांना माणूस निवडता आला. त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. म्हणाले, डावखुऱ्यांना अजून आउट करता येतं का? मी म्हटलं, येतं. म्हणाले, मग दोन वर्षांसाठी ये. बायको तर उभ्या उभ्या रडली. देजॉन काही लांब नाही, गाडीने तीन तास."

दादा घसा खाकरून म्हणाले, "बाळा, एक सांगतो. आम्ही तुला विसांत धरलं नव्हतं."

"बरं झालं, दादा. धरलं असतं तर मेलो असतो."

आणि तो उठला, आमच्यापुढे उभा राहिला आणि कमरेत वाकला. ज्यांनी त्याला जुनं पातेलं म्हटलं त्यांच्यापुढे! दादा "अरे, अरे" करत उठले आणि त्याच्याहून खाली वाकायला गेले, तर त्यांची कंबर धरली. मग प्यो आणि मी मिळून त्यांना सरळ केलं. सगळे हसलो. मी देवाचे आभार मानले, मोठ्याने मानले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण देजॉनमध्ये कोणीतरी आमच्या पोराची किंमत ओळखली होती.

एप्रिलमध्ये सारस बुसानला आले, शनिवारी दुपारचा सामना. बानच्या बायकोला आणि दा-ओनला आम्ही आमच्यातच बसवलं, पहिल्या बेसमागे, देवमाशांच्या गर्दीत. पोरीच्या अंगात सारसांचा शर्ट होता. आईने त्यावर जाकीट घालून गळ्यापर्यंत चेन ओढली होती.

"उकडतंय," पोरगी म्हणाली.

"उकडू दे," दादा म्हणाले. "इथे चेन उघडलीस तर मलाच पळावं लागेल."

सातव्या डावात सारस एका धावेने पुढे होते. आमचे दोन आउट, एक धावक पहिल्या बेसवर, आणि बॅट घेऊन आला ग्वाक. सगळं मैदान उठून त्याचं गाणं म्हणायला लागलं. सारसांच्या मॅनेजरने पिचर बदलला. कुंपणाचं दार उघडलं आणि बान धावत आला, तसाच, खाली मान घालून. गाणं मधेच विरलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. त्याने टोपी काढून आमच्या बाजूला वाकून नमस्कार केला.

पण नमस्कार वेगळा आणि खेळ वेगळा. आमच्या मैदानाची एक रीत आहे. पाहुण्या पिचरने धावकाला अडवायला चेंडू पहिल्या बेसकडे फेकला, की हजारो लोक एका दमात ओरडतात, "मा!" म्हणजे, काय रे ए! त्या आवाजाने भल्याभल्यांचे हात थरथरतात. याला कोणी अपवाद नाही. आमच्याकडून खेळून गेलेल्यांनाही लोकांनी सोडलेलं नाही. ते तोंडातून आपोआप निघतं, शिंकेसारखं.

डावखुरा पिचर उभा राहतो तो पहिल्या बेसकडे तोंड करून. म्हणजे बान सरळ आमच्याकडे बघत होता. धावक दोन पावलं सरकला, आणि बानने चेंडू पहिल्या बेसकडे फेकला.

दादांचं तोंड उघडलं होतं. प्योने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मी दात आवळले. आणि मैदानातून आवाज आलाच नाही. ना आमच्याकडून, ना पलीकडून, ना वरच्या मजल्यावरून. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं. एवढी माणसं, आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज ऐकू आला.

त्या शांततेत दा-ओन बाकावर उभी राहिली आणि ओरडली, "बाबा!"

बानने ऐकलं. त्याची मान झटकन वर आली आणि तो आमच्या रांगेत बघत राहिला, अंपायरने हात केला तरी. पोरीने जाकिटाची चेन खाली ओढली आणि पुन्हा ओरडली, "बाबा, मी इथे!" आजूबाजूचे सगळे तिच्याकडे वळून बघत होते. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तिला नीट दिसावं म्हणून आपली टोपी काढली.

मग बानने ग्वाकला चेंडू टाकला आणि ग्वाकने तो जमिनीलगत मारला. बानने स्वतः वाकून उचलला, पहिल्या बेसला फेकला, आउट. आम्ही तो सामना हरलो. ग्वाकला आणायची गरजच काय होती, यावर दादा आणि प्यो जिन्यातच भांडायला लागले.

दा-ओन माझं बोट धरून उतरत होती. "मावशी, सगळे गप्प का बसले होते?"

"तुझा आवाज बाबांपर्यंत पोचावा म्हणून."

तिने विचार केला. "पोचला," ती म्हणाली. "त्यांनी बघितलं. मी पण बघितलं."