काळी रेघ

मी एक पांढरी, लांब डिकीची सेडान बोलतेय. कडोदऱ्याहून बारडोलीकडे निघालात की डाव्या हाताला रंगीत पताका लावलेलं एक पटांगण दिसतं. त्यात जुन्या गाड्या धुऊन-पुसून रांगेत उभ्या असतात. तिसऱ्या रांगेत, लिंबाखाली उभी आहे ती मी. माझ्या काचेवर ‘घर की गाडी’ असं लिहिलंय. ते वाचून मला हसू येतं, पण हसायची सोय माझ्यात कुणी ठेवलेली नाही.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. माणसांचे हात लागले थोडे, यंत्रांचे जास्त. तेव्हा कौतुकाची सवय नव्हती आणि अपमानाचीही नव्हती. दोन्ही मला सुरतेत मिळालं.

माझे पहिले मालक योगराजशेठ. साड्यांचा मोठा धंदा, घर पर्वत पाटियाच्या बाजूला. घरापासून बाजारातल्या दुकानापर्यंत चालत गेले असते तर पोटही कमी झालं असतं, पण शेठ माझ्यात बसून जायचे आणि गर्दीत अडकून पोचायला दुप्पट वेळ लावायचे. सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी वर्षभर काढलं नाही. उन्हाळ्यात पाठीला चिकटायचं, उठताना चर्रकन आवाज यायचा, तरी काढलं नाही. गाडी नवी आहे हे लोकांना कळायला हवं ना! प्रत्येक सिग्नलला दार उघडून पिचकारी मारायची, आणि माझ्या पत्र्यावर शिंतोडे उडाले की ड्रायव्हरला शिव्या घालायच्या, असा त्यांचा नेम होता.

मग एका पावसाळ्यात खाडी फुगली. सुरतेच्या लोकांना नदीच्या पुरापेक्षा खाडीच्या पुराचा जास्त वैताग, कारण तो गटारं आणि रंगाच्या कारखान्यांचं पाणी सगळं सोबत घेऊन येतो. मी इमारतीच्या तळघरात उभी होते. वॉचमननं शेठना हाका मारल्या. शेठ धावत आले, माणसं लावली आणि तळघरात ठेवलेले साड्यांचे गठ्ठे वर नेले. माझी किल्ली त्यांच्या खिशातच होती. शेवटचा गठ्ठा वर गेला तेव्हा पाणी माझ्या दारात शिरत होतं, आणि शेठ जिन्यावरून म्हणाले, तिचा विमा आहे.

पाणी स्टिअरिंगपर्यंत चढलं आणि दोन-तीन दिवस तिथंच बसून राहिलं. शेठनी विमा वसूल केला, माझ्याहून मोठी गाडी घेतली आणि माझ्याकडे पुन्हा वळूनही पाहिलं नाही. वर्षभर प्लॅस्टिकमध्ये जपलेली मी, त्यांना साडीच्या गठ्ठ्याइतकीही मोलाची वाटले नाही.

विमा कंपनीनं मला भंगाराच्या भावात काढलं आणि मी चेतनच्या या पटांगणात आले. चेतन हा गोड बोलणारा, कपाळावर टिळा लावणारा दलाल. त्यानं मला उघडून उन्हात वाळवलं, गालिचे बदलले, अत्तर फवारलं. पण आत कुठंकुठं तारा गंजून हिरव्या पडल्या होत्या. मिस्त्री म्हणाला, इंजिन तापलं की मध्येच बंद पडतं, आणि बंद पडलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं, ब्रेकही दबत नाही. चेतननं त्याला शांतपणे सांगितलं की मग तापू द्यायचं नाही.

दुरुस्तीचे पैसे वाचवून त्यानं माझ्या सीटना झकास, विणीतच नक्षी असलेलं जॅकार्डचं कापड चढवलं. या रस्त्यावरचं गिऱ्हाईक त्याला चांगलं ठाऊक होतं. निम्मे कापडगिरण्यांतले, निम्मे लूमवाले. हे लोक बोनेट उघडत नाहीत, कापड चोळून बघतात, असं तो मिस्त्रीला म्हणाला आणि दोघं हसले.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकं बघतेय. माणसाला गाडीतलं काही कळत नाही, आणि कळत नाही हे दिसू नये म्हणून तो काय काय करतो! आल्याबरोबर टायरला लाथ मारतो. लाथ मारून काय कळतं हे मला अजून कळलेलं नाही. मग दार उघडून धाडकन आपटतो आणि मान डोलावतो. आरशात बघून भांग पाडतो. एखादा आपल्या मेव्हण्याला घेऊन येतो, कारण मेव्हण्यानं कधीकाळी टेम्पो चालवलेला असतो. तो मेव्हणा माझ्या इंजिनाकडे असा टक लावून बघतो की जणू ते आता बोलायला लागेल. आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, बसायच्या आधी विचारतो, “ॲव्हरेज किती देते?”

अखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली होती, त्या एका सुटीच्या दिवशी राघो आला. मूळचा धुळे जिल्ह्यातला, आता अर्धं आयुष्य सुरतेत गेलेलं. कडोदऱ्याच्या एका कारखान्यात कापड तपासायचं त्याचं काम. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि राघो त्यातली गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग हुडकतो. चांगलं असेल तर ‘पास’ म्हणतो, नसेल तर ‘डॅमेज’. त्याच्या ‘पास’वर मालक डोळे मिटून सही करतात, असं तो चेतनला आल्या आल्या सांगून मोकळा झाला. सोबत बायको मालतीबाई आणि मुलगा गजेंद्र. मालतीबाईंच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत नारळ. म्हणजे घेऊनच जायच्या तयारीनं आले होते.

त्यांच्या बोलण्यातून सगळं कळलं. मुलगी जयश्री साक्रीला दिलेली, पहिलंच बाळंतपण, सातवा महिना. अखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे, खानदेशात याला पर्याय नाही, आणि या खेपेला ती बाळंतपणासाठी राहणारही होती. तिच्या लग्नात राघोकडचं वऱ्हाड मागून आणलेल्या टेम्पोतून गेलं, त्यावर व्याही चारचौघांत काहीतरी बोलला होता. ते राघोच्या डोक्यात बसलं होतं. लेकीला आणायचं तर स्वतःच्या गाडीतून, व्याह्याच्या दारात उभी करून.

साक्रीहून सुरतेला यायचं म्हणजे कोंडाईबारीचा घाट. मे महिन्याचं ऊन, घाटाची वळणं, मागेपुढे ट्रक. तिथं मी तापणार, तापले की बंद पडणार, आणि चालवणाऱ्या गजेंद्रच्या हातातलं स्टिअरिंग वळणार नाही. शेजारी ती पोर असणार. हे मला आरशात दिसावं तितकं स्वच्छ दिसत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

राघोनं काय तपासलं? सीट! बोटांनी कापड चोळलं, उलटं करून पाहिलं. मग खिशातून धागे मोजायचं छोटं भिंग काढलं आणि माझ्या सीटवर डोळा लावून बसला. माझं बोनेट बंद, डिकी बंद, खाली एकदा वाकून बघावं तर तेही नाही, आणि हा बाबा भिंगातून धागे मोजतोय! माणसाला जे कळतं तेवढंच तो तपासतो आणि उरलेलं सगळं त्यावरून ठरवून टाकतो. चेतन मागे हात बांधून उभा होता, चेहऱ्यावर अगदी भक्तिभाव.

“हाई कापड पाय, गजू,” राघो म्हणाला. “एकबी गाठ नही.”

गजेंद्रची तपासणी त्याहून थोर. त्यानं आपला फोन माझ्या स्पीकरला जोडला, गाणं दणाणलं, तो खूश. चेतननं त्यांना पेट्रोलपंपाच्या वळणापर्यंत नेऊन आणलं. पुढे ट्रॅफिक आहे म्हणाला. एसी गार लागला, इंजिन तापायच्या आत आम्ही परत आलो. “घर जेवी गाडी छे, काका,” चेतन म्हणाला. राघोनं माझ्या टपावर हात ठेवला आणि टेबलावर म्हणतो तसं खणखणीत म्हणाला, “पास.”

चहा आला. राघोनं विसार द्यायला खिशात हात घातला. मला त्या घटकेला माणसांचा इतका संताप आला की सांगता सोय नाही.

मालतीबाईंना कुणी काही विचारलं नव्हतं. रंग आवडला का, एवढं गजेंद्रनं विचारलं होतं आणि उत्तर न ऐकता पुढे गेला होता. त्या आपणहून उठल्या आणि पुढच्या सीटवर येऊन बसल्या. जयश्रीला मागे बसलं की मळमळतं, ती पुढेच बसणार, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी नारळाची पिशवी पोटावर धरली, वरून पदर गुंडाळला, चांगलं सात महिन्यांचं पोट केलं, आणि पट्टा ओढला.

चेतन हसून म्हणाला की मासी, पट्टा कोण लावतं. गजेंद्र ओशाळून इकडंतिकडं बघायला लागला.

“पोर सातवा महिनामा शे,” मालतीबाई म्हणाल्या. “हाऊ पट्टा तिना पोटवर पुरी का?”

त्यांनी पट्टा आणखी ओढला. माझा पट्टा इतका बाहेर कधी कुणी काढलाच नव्हता. शेठ लावत नव्हते आणि चेतननं तो पुसला तेवढा वरवर. खालच्या रिळात गुंडाळलेला भाग उलगडत आला आणि त्यावर आडवी काळी रेघ निघाली. तिच्याखाली पट्टा चहासारखा तपकिरी होता. वाळलेल्या गाळाची भुकटी मालतीबाईंच्या पदराबाहेर राहिलेल्या पांढऱ्या पिशवीवर सांडली.

मालतीबाईंनी पट्टा नाकाशी नेला. त्यांचं घरही खाडीकाठी.

“हाऊ डाग मी वळखस,” त्या म्हणाल्या. “पूर उना तवय मन्या साड्यासवर असाच पडना. आजून गया नही.”

चेतन चहा सांडल्याचं सांगायला लागला, मग रंगाचं. राघोनं पट्टा हातात घेतला. माझ्यात खरं बोलणारं एवढं एकच कापड होतं, आणि तेच तेवढं त्यानं तपासलेलं नव्हतं. त्यानं भिंग काढलं नाही. नुसता अंगठा त्या रेघेवरून फिरवत उभा राहिला. मी ओळखून होते. ‘पास’ म्हणून झालं होतं, मुलासमोर, परक्या माणसासमोर. आजवर त्यानं आपला ‘पास’ कधी मागे घेतला नसावा.

“अप्पा, पट्टा नवा टाकी लेऊत,” गजेंद्र म्हणाला.

“जठे पट्टा भिजना, तठे बठ्ठं भिजनं,” राघो म्हणाला. मग पट्टा सोडून दिला आणि अगदी हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाला, “डॅमेज.”

मालतीबाई उतरल्या आणि नारळाची पिशवी झटकून घेऊन गेल्या. चेतन मागून हाका मारत राहिला. मला चारचौघांत डॅमेज म्हटलं गेलं, आणि तरी मला आनंद झाला. असा आनंद मला कारखान्यातून बाहेर पडतानाही झाला नव्हता.

अखाजीच्या आदल्या दिवशी बारडोलीकडून एक भाड्याची जीप आली आणि समोरच्या उसाच्या रसाच्या गाड्याशी थांबली. आधी राघो उतरला, मग मालतीबाईंचा हात धरून एक पोटुशी पोर. जयश्रीच ती. रस पिता पिता राघोनं माझ्याकडे बोट दाखवून तिला काहीतरी सांगितलं. रस्त्याच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, “पन कापड चांगलं व्हतं.” सुधारेल तर राघो कसला! मालतीबाई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. जयश्रीला मी माहेरी आणलं नाही. जन्मात माझ्या हातून कुणाचं भलं झालं असेल तर ते हेच.

चेतन मात्र शहाणा झाला. त्यानं माझे सगळे पट्टे बदलले, नवेकोरे, कडक. ओढा कितीही, रेघ निघणार नाही. आता गाळ उरलाय तो फक्त डिकीत, स्टेपनीच्या खाली, आणि तिथं कुणी बघत नाही. म्हणून आज मला बोलावं लागतंय.

तो बघा, आलाच एक. टायरला लाथ मारून झाली. सीटचं कापड चोळतोय, मान डोलावतोय. चेतननं चहा सांगितला. त्याची बायको डिकीजवळ उभी आहे, कडेवर पोर पेंगतंय, तिला कुणी काही विचारत नाहीये. बाई, तुमच्या हाताशीच आहे. डिकी उघडा, चटई उचला आणि तेवढी स्टेपनी हलवून बघा हो.